ती नसती तर दूध कुणी काढलं असतं?

९ सप्टेंबर

थोरकिल,

फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. आमच्या गल्लीतली लाल टपालपेटी गेल्या महिन्यात उपटून नेली, त्यामुळे हे पत्र टाकायला मला सायकल काढून स्टेशनापर्यंत जावं लागणार आहे. एवढे कष्ट घेतेय तर निदान शेवटपर्यंत वाच. चुलीत नंतर घाल.

मंगळवारी पोलीस तुझ्या अंगणात आले, गोठा बघून गेले, शेजारच्या पाउलसेनने कुंपणावरून सगळा तमाशा पाहिला आणि रविवारी तू चर्चमध्ये शिरलास तेव्हा लोक बोलता बोलता गप्प झाले. हे सगळं तू एका दमात सांगितलंस. मग म्हणालास, "माझ्या टेबलावर बसून जेवली आणि माझंच नाव सरकारात देऊन आली." आणि फोन आपटलास. एकाहत्तर वर्षांत तुला गाडी चुकीची लावल्याचासुद्धा दंड झालेला नाही. तुझी लाज मला समजते. सख्खी बहीण आहे मी तुझी. पण त्या पोरीबद्दल, बेगिमायबद्दल, जे बोललास ते साफ चूक आहे.

तिने तुझी तक्रार केली नाही रे. तिने तुझं कौतुक केलं.

प्रबंध पुरा करायला तिला राहण्याचा परवाना वाढवून हवा होता. परवाना कार्यालयातल्या बाईंनी विचारलं, अभ्यास सोडून इथे आणखी काय करतेस? तशी ही खुलली. म्हणाली, माझं इथे एक घर आहे. तिथले आजोबा घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, तेव्हा भर थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत मी त्यांच्या गाईंचं दूध काढलं, वासरं सांभाळली. बाई हसून म्हणाल्या, "अरे वा! आणि तू नसतीस तर दूध कुणी काढलं असतं?" हिने सरळ सांगितलं, "कुणीच नाही. त्यांना माणूस ठेवावा लागला असता."

संपलं. पगारी माणसाच्या जागी उभी राहिली म्हणजे नोकरी केली. पैसा घेतला नाही तरी नोकरीच. आणि परदेशातून आलेल्या विद्यार्थ्याला ठरलेल्या तासांपलीकडे नोकरी करता येत नाही. म्हणजे ती बेकायदा कामगार आणि तू बेकायदा मालक.

तिथून ती थेट माझ्या ऑफिसात आली. हातात दालचिनीचे पाव. "बोदिल, छान झालं! मी सगळं सांगितलं, काही म्हणजे काही लपवलं नाही." मी तिच्याबरोबर बसून पाव खाल्ला, थोरकिल. माझ्याही डोक्यात काही आलं नाही. येणार कुठून? विद्यापीठात परदेशी पोरांची देखभाल करायची माझी नोकरी, आणि इतकी वर्षं मी त्यांना हेच तर शिकवतेय. दर ऑगस्टला बस भरून तुझ्या फाटकापाशी आणते. रस्त्याकडेच्या फळीवर तुझे बटाटे, अंडी, मधाच्या बाटल्या, शेजारी पैशांचा डबा, आणि आसपास चिटपाखरू नाही. मग मी भाषण ठोकते: "इथे कुणी कुणावर पाळत ठेवत नाही. इथला अधिकारी तुमचा वैरी नाही. त्याला खरं सांगा, तो मदत करील." तिने फक्त ते ऐकलं.

रागवायचं तर माझ्यावर रागव. पण फोन उचल.

बोदिल

२६ सप्टेंबर

थोरकिल,

मूग गिळून बसलास. बस. मी लिहीत राहणार.

बेगिमायला नोटीस आली. बाजू मांडायची असेल तर तिने मांडावी, नाहीतर परवाना रद्द, देश सोडायचा आणि पुढे काही वर्षं पाऊल ठेवायचं नाही. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण उरलंय तिचं. ते राहिलं तर पदवी नाही, म्हणजे इथे आली काय आणि न आली काय, सारखंच. किर्गिझस्तानातल्या त्या डोंगराळ गावात तिच्या बापाने घोड्या विकून तिला पाठवलंय. ती परत गेली की दारात पहिला प्रश्न काय येईल ते तुला नि मला सांगायला नको.

मी आमच्या विभागप्रमुख सिग्नेकडे गेले. माझ्या मुलीच्या वयाची आहे, टेबलावर एक कागद नसतो. म्हणाली, "बोदिल, आपण विद्यार्थ्यांना माहिती देतो, सल्ला देत नाही."

"मग तिला रडायची माहिती देऊ का?" मी म्हणाले.

ती हसली नाही. मला ताकीद मिळाली की ऑफिसच्या वेळात मी या प्रकरणात पडायचं नाही. ठीक आहे. बाहेरच्या वेळात पडते.

एस्बेन नावाचा एक तरुण वकील विद्यार्थ्यांची कामं फुकट करतो. तो म्हणतो, सगळं तुझ्यावर आहे. तू एक कागद लिहून द्यायचास: विद्यापीठाच्या मित्र-कुटुंब योजनेत ही मुलगी आमच्या घरी आली, घरची झाली, मी पडल्यावर घरच्यासारखी धावली, मी तिला कामावर ठेवलं नव्हतं. बस, एवढंच. तुझ्याकडून ते आलं तर जीव आहे, नाहीतर नाही.

आणि हे खोटं आहे का, तूच सांग. तुझी बायको कारेन गेल्यावर तू चार घास उभ्याउभ्या खाऊन झोपत होतास. म्हणून तर मी योजनेत तुझं नाव घातलं आणि तुला न विचारता ही मुलगी पाठवली. पहिल्या दिवशी तू तिला डुकराचं मांस वाढलंस. तिने नुसते बटाटे खाल्ले. दुसऱ्या वेळीही तेच. तिसऱ्या वेळी तू मला फोन करून विचारलंस, "तिला माझा स्वयंपाक आवडत नाही का?" त्यांच्या धर्मात डुक्कर चालत नाही हे मी सांगितलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखा झालास, आणि त्यानंतर ती यायची म्हटली की सकाळी बंदरावर जाऊन ताजा मासा आणायचास. मालक नोकरासाठी मासा आणायला जातो का रे?

लिही. आठच ओळी लागतील.

बोदिल

१२ ऑक्टोबर

थोरकिल,

काल तुझ्याकडून परत येताना बसमध्ये मी गाणं गुणगुणत होते. समोरचा माणूस उठून दुसरीकडे जाऊन बसला.

तू मला घरात घेतलं नाहीस त्याचा मला राग नाही. गोठ्याचं खालचं अर्धं दार लावून आत उभा होतास, मी बाहेर वाऱ्यात.

"कॉफीसुद्धा नाही?" मी विचारलं.

"संपलीय."

"संपली काय! स्वयंपाकघरातून वास येतोय."

"मग विचारतेस कशाला?"

तिथेच मला कळलं होतं की तू थोडा निवळलायस. पण कागदाचं काढलं आणि तू असा भडकलास की गाई दचकल्या. "तिने काम केलं नाही असं लिहून देऊ मी? अंधार असताना उठून, कारेनचे बूट चढवून, शेणात उभी राहायची ती. ते काय खेळायला? कारेननंतर या गाईंना असा हात कुणी लावला नाही. आणि मी सहीनिशी लिहू की तिने काहीच केलं नाही?"

"तसं नको लिहूस. आत्ता बोललास तेवढंच लिही."

"मी खोटं बोलणार नाही, बोदिल."

"अरे, कोण म्हणतंय खोटं बोल!"

मग तू बराच वेळ गाईच्या पाठीवरून हात फिरवत राहिलास, आणि माझ्याकडे न बघता म्हणालास, "माझ्याकडून जे करायचं ते मी केलंय. आता त्यावर बोलायचं नाही."

मला तुझ्या गळ्यात पडावंसं वाटलं. पण मध्ये दार होतं, आणि आपल्या घरात तसलं कुणी करत नाही. म्हणजे तू आधीच लिहून पाठवलं होतंस! आणि मी इथे तुझ्या नावाने बोटं मोडत होते. तू पहिल्यापासूनच असा. मोठं काम गुपचूप करायचं आणि विचारलं की गुरगुरायचं.

निघताना तू विचारलंस, "ती जाड कोट घालते ना? इथली थंडी हाडात शिरते." मी ते जसंच्या तसं तिला सांगितलं. ती आधी हसली, मग तिने तोंड फिरवलं. आमच्याकडे विद्यार्थी नि प्राध्यापक सगळे एकमेकांना नावानेच हाक मारतात, पण ही तुझं नाव घेत नाही. आजोबाच म्हणते. त्यांच्यात म्हातारं माणूस ओझं उचलत असताना तरुणाने बसून चहा प्यायला तर सात पिढ्यांची लाज निघते म्हणे. "आजोबांनी लिहिलं ना? मग आता काळजी नाही," म्हणाली, आणि प्रबंधाला बसली.

तुझे उपकार मी विसरणार नाही.

बोदिल

५ नोव्हेंबर

थोरकिल,

अजून काही कळलं नाही. एस्बेन म्हणतो तुझा कागद त्याच्या हाती आलेला नाही, तू थेट कार्यालयाला पाठवला असशील. तसंच केलंस ना? एकदा फोन करून नुसतं हो म्हण.

इथे वाईट चाललंय. मित्र-कुटुंब योजना बंद केली. सिग्नेने बैठकीत सांगितलं, "विद्यापीठाला हा धोका परवडत नाही." शहरातल्या साऱ्या घरांना पत्रं गेली की विद्यार्थ्यांना जेवायला बोलवायचं तर आपल्या जबाबदारीवर बोलवा. परवा एक बाई रडवेल्या आवाजात विचारत होत्या, "आमच्याकडचा मुलगा जेवणानंतर ताटं विसळतो, ते चालेल का?" मी म्हणाले, विसळू द्या. आणि मग रात्रभर तळमळले, की मी पुन्हा एका पोराला खड्ड्यात ढकललं की काय.

मला नवीन काम दिलंय. नव्या विद्यार्थ्यांसाठी एक तास घ्यायचा: अधिकाऱ्यांशी कसं बोलावं. विचारतील तेवढंच सांगा, जास्तीचं बोलू नका, मदत केली हा शब्द वापरू नका. मी लिहायला बसले आणि दोन ओळींत हात टेकले. हे शिकवायला मी या नोकरीत आले नव्हते.

बेगिमाय रोज येते. आता पाव आणत नाही. खुर्चीच्या टोकावर बसते, "काही आलं का?" विचारते आणि जाते.

बोदिल

२७ नोव्हेंबर

तू दंड भरलास.

थोरकिल, तू दंड भरलास!

निकाल आला. एस्बेनने वाचून दाखवला. परवाना रद्द. कारण काय दिलंय? "मालकाने दंडाची नोटीस स्वीकारून रक्कम भरली असल्याने बेकायदा नोकरीची बाब सिद्ध झाली आहे." नोटीस येऊन पडली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तू बँकेत जाऊन उभा राहिलास. मी गोठ्याच्या दारात उभी राहून तुझ्या विनवण्या करत होते तेव्हा आठवडा उलटून गेला होता! हे का तुझं "माझ्याकडून जे करायचं ते मी केलंय"?

दंड भरणं म्हणजे गुन्हा कबूल करणं असतं, बाबा! मागच्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, मान्य नसेल तर भरू नका, कोर्टात या. तू मागचं पान बघितलंस तरी का? बघितलं नसशील. बिल आलं की भरायचं, घासाघीस करायची नाही, लोकांना बोलायला जागा ठेवायची नाही. बाबांनी आपल्याला हेच तर घोटून पाजलं. तू बटाटे उघड्यावर ठेवणारा माणूस, तू कसला कोर्टात जाणार! नाकासमोर चालत गेलास आणि त्या पोरीच्या अंगावरून गेलास.

कामगार आणून राबवणारे, पासपोर्ट काढून घेणारे मोकळे फिरतात. चोर सोडून संन्याशाला फाशी.

एस्बेनने वाचून संपवलं तेव्हा ती पहिलं काय म्हणाली सांगू? "आजोबांना दंड भरावा लागला? माझ्यामुळे?" तिच्या डोळ्यांत पाणी आलं ते तेव्हा. परवान्याबद्दल ऐकून आलं नव्हतं.

अपील करता येतं. पण ते बाहेर बसून करायचं, आणि मालकानेच कबूल केलंय म्हटल्यावर त्यात काही जीव नाही, असं एस्बेन म्हणतो.

तुझं तोंड बघायची माझी इच्छा नाही. सही करत नाही. कोणी लिहिलंय ते तुला कळेल.

१६ डिसेंबर

थोरकिल,

तुझी चिठ्ठी मिळाली. जन्मात तू मला पहिल्यांदा लिहिलंस, आणि ते हे.

"मला वाटलं, मी भरलं की सगळं माझ्यावर येईल आणि ती सुटेल."

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. मला तुझ्यावर ओरडायचं होतं, ते आता कुणावर ओरडू? तिला मी शिकवलं की खरं सांगितलं की सुटका होते. तुला बाबांनी शिकवलं की भरलं की सुटका होते. दोघांनी अगदी सांगितल्याप्रमाणे केलं.

पोलीस ठाण्यात गेला होतास हे तू लिहिलं नाहीस. पाउलसेनच्या बायकोकडून कळलं. काठी टेकत गेलास आणि म्हणालास, माझी कबुली परत द्या, मला कोर्टात न्या. तो पोरगेला शिपाई म्हणाला म्हणे, "थोरकिल, पैसे भरले, प्रकरण मिटलं. तुमचं काही बाकी नाही. घरी जा, रस्त्यावर बर्फ आहे." आणि तू तरी बाकावर बसून राहिलास, शेवटी पाउलसेनला फोन करून बोलावलं तुला न्यायला.

बेगिमाय गुरुवारी गेली. तू ठाण्यात बसला होतास त्याच्या आदल्या दिवशी.

मी तिला म्हटलं होतं, शेवटच्या तारखेपर्यंत थांब, नाताळ माझ्याकडे कर, बदक भाजू. ती म्हणाली, "जायला सांगितलंय ना? मग थांबून काय करू? उगाच तुमच्यावर काही आलं तर?" खोली अशी घासून ठेवली की घरमालकीण मला विचारत होती, इथे खरंच कुणी राहत होतं का. तुला कळवू नको म्हणाली. आजोबांना अजून त्रास नको.

विमानतळावर मी तिला काहीच बोलू शकले नाही. इतकी वर्षं शेकडो पोरांना निरोप दिलाय मी, प्रत्येकाला काहीतरी चार शब्द सांगते. तिने मला मिठी मारली. मी तशीच हात खाली सोडून उभी राहिले. ती तपासणीच्या रांगेत गेली, पट्टा काढला, बूट काढले, सगळं ट्रेमध्ये नीट लावलं, पुढच्या म्हातारीचीही पेटी उचलून दिली. मला ते बघवलं नाही.

जानेवारीत नवी पोरं येतील. मी सिग्नेला सांगितलंय, तो तास मी घेणार नाही. कोण घेणार ते तिने ठरवावं. मला त्या इमारतीत शिरावंसंच वाटत नाही. घरी बसून तरी काय करणार, म्हणून जाते.

जेवत जा. उभ्याउभ्या नको.

बोदिल

८ मार्च

थोरकिल,

काल फोन उचललास, बरं वाटलं. गाई विकल्याचं तू इतक्या सपाट आवाजात सांगितलंस की मी पुढे विचारलं नाही. खुबा तसा, हाताशी कुणी नाही, करणार तरी काय. पण एक गोष्ट मला फोनवर बोलता येईना, म्हणून लिहितेय.

बेगिमायचं पत्र आलं. चांगलं दोन पानी. लिहिते, शेती खात्यात नोकरी मिळाली, साहेब भला आहे, प्रबंध तिथूनच पुरा करते आहे, आईवडील खूश आहेत, तिकडे आता बर्फ वितळतंय. वाचून माझ्या जिवात जीव आला. मी ऑफिसात दोघीतिघींना वाचून दाखवलं.

मग त्यांच्याच गावची एक मुलगी आहे आमच्याकडे, नुरझात, तिला सांगितलं. ती आधी विषय बदलू लागली. फार खोदल्यावर बोलली. नोकरी वगैरे काही नाही. बेगिमाय बाजारात लोकरीचे मोजे विकते. बाप तिच्याशी बोलत नाही. आणि गावात कुणी विचारलं तर ती सांगते, पदवी झाली, कागद मागून येणार आहेत.

ही तीच मुलगी, थोरकिल. जिला साधं "ती भाजी आवडली नाही" हेसुद्धा लपवता येत नव्हतं, चेहऱ्यावर दिसायचं. ती आता मला दोन पानं खोटं लिहिते, माझं मन दुखू नये म्हणून. हे तिला इथे येऊन शिकावं लागलं.

शेवटी तिने तुझी चौकशी केलीय. काठी सुटली का, मासा आणायला अजून बंदरावर जातात का. आणि ती पांढऱ्या कपाळाची गाय, यंदा पहिल्यांदाच गाभण होती ना, ती नीट व्याली का. त्या गाईला फार जपावं लागेल, पहिली वेळ आहे, असं तिने खाली दोन रेघा मारून लिहिलंय.

ती गाय कुणी नेली मला माहीत नाही. तुलाही नसेल. व्यापाऱ्याने सगळ्या एकाच गाडीत घातल्या म्हणालास.

मी तिला उत्तर पाठवून दिलं. लिहिलं की नोकरीचं ऐकून फार आनंद झाला. लिहिलं की थोरकिल काठीशिवाय चालतो, गोठा भरलेला आहे. गाय फेब्रुवारीत व्याली, कालवड झाली, दोघी सुखरूप आहेत.

आता ती तुला लिहील. तिला पत्ता पाठ आहे. आणि तू उत्तर देशील ते मला ठाऊक आहे, सहा शब्दांत, जे आहे ते. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही, एक कागद सोडला तर. हे एवढं कर. गाई विकल्याचं लिहू नकोस. कालवड धडधाकट आहे म्हण, दूध चांगलं पिते म्हण. ती नाव विचारील, तिची सवय तुला माहीत आहे. तर एखादं नाव ठरवून ठेव, आणि मला आधी कळव, म्हणजे आपलं दोघांचं एकच येईल.

बोदिल